उंबरठ्यावरचा माल

आत्यांच्या फोनला दिवसभर उसंत नसे, आणि प्रत्येक फोनचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आत्या, ते कुठंय?"

ते म्हणजे काहीही. पांढरी चार भोकांची बटणं, खाकी चेन, पाऊण इंची इलास्टिक, काळे हुक, साटिनची लेस. शिवणकामाला जे जे म्हणून लागतं ते घाऊक विकणारं हे गोदाम त्यांच्या थोरल्या भावानं सुरू केलं होतं आणि आता भावाचा मुलगा चालवत होता. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून भाऊ घरी बसले. आत्या मात्र पहिल्या दिवशी जिथं बसल्या तिथंच होत्या: दारातून आत शिरल्यावर डाव्या हाताला, वजनकाट्याशेजारच्या उंच स्टुलावर. मालक त्यांना आत्या म्हणतो म्हणून सगळेच म्हणू लागले. टेम्पोवाला म्हणायचा, बँकेतला कारकून म्हणायचा, आणि वयानं त्यांच्यापेक्षा बरेच मोठे असलेले एक शिंपीही न लाजता म्हणायचे.

आत्या स्टुलावरून उठायच्या नाहीत. चष्मा कपाळावर चढवायच्या, डोळे मिटायच्या आणि गोदामात मनानंच एक फेरी मारून यायच्या. "कुबड्या रॅकचा तिसरा खण. पुढं निळा खोका असेल, तो ओढ. मागचा आपोआप हाताशी येईल." मागचा खरोखरच हाताशी यायचा. मग आत्या डोळे उघडून चष्मा खाली घ्यायच्या आणि पुढचा फोन उचलायच्या.

दुपारी एक फोन घरून यायचा. त्यात 'आत्या' नसायचं, बाकी वाक्य तेच. "अगं, साखर कुठंय?"

"काल जिथं होती तिथंच."

"काल कुठं होती?"

"ओट्यावर डाव्या कोपऱ्यात कणकेचा डबा आहे, त्याच्या पोटात शिरल्यासारखी बरणी आहे बघ."

"दिसत नाही."

"हात घाला. डोळ्यांनी कधी काय दिसलंय तुम्हाला."

आतोबांना निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात ते अजून परगावच्या पाहुण्यासारखे वावरायचे. आत्यांना याचा राग यायचा आणि थोडं बरंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी कसं वाटू शकतं, यावर विचार करायला त्यांना कधी वेळ मिळाला नव्हता.

अडचण झाली ती मुलीची. एकुलती एक, लांबच्या शहरात नोकरीला, जावईही तिथलाच. आता तिला बाळ होणार होतं. तिनं फोनवर सांगितलं, "आई, तू ये. पण एक कर. फोन तिकडेच ठेवून ये."

ती असं म्हणाली याला कारण होतं. तिच्या पदवीदानाच्या दिवशी आत्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तिचं नाव पुकारलं, ती व्यासपीठावर चढली, टाळ्या सुरू झाल्या आणि आत्यांच्या मांडीवरचा फोन थरथरला. कुणीतरी तेवढ्यात फोटो काढला. त्या फोटोत मुलगी हातात गुंडाळी घेऊन हसते आहे, आतोबा टाळ्या वाजवत आहेत, आणि आत्यांचं फक्त डोकं दिसतं, तेही खुर्चीखाली वाकलेलं. त्या फोनवर गोदामातल्या कुणाला तरी कुजबुजत सांगत होत्या, "आरशाच्या मागे बघ. आरशाच्या मागे." मुलीनं तो फोटो मोठा करून, चौकट करून घरात लावला होता. पाहुणे विचारायचे, ही कोण बाई वाकली आहे? मुलगी सांगायची, माझी आई, गोदामात आहे.

तेव्हा आत्यांनी भाच्याला गाठलं. त्याला त्या गुंड्या म्हणायच्या, कारण लहानपणी त्यानं दुकानातली एक गुंडी गिळली होती आणि सगळं घर दिवसभर तिची वाट बघत बसलं होतं.

"गुंड्या, मला दोन महिने सुट्टी हवी."

भाचा जागच्या जागी बसला. "दोन महिने? आत्या, तू दोन दिवस नसलीस तर मला दाराला कुलूप लावून किल्ली नदीत टाकावी लागेल."

"मग माझ्या डोक्यात आहे ते कुठंतरी उतरवून घे. तो कॉम्प्युटर काय नुसता पत्ते खेळायला घेतलायस?"

अशा रीतीनं गोदामात सिस्टीम आली. लोकांना वाटलं, तरुण मालकाला नवं काहीतरी करायचं वेड. खरं तर ती आत्यांनीच आणवली होती, स्वतःची सुटका करून घ्यायला.

भाचा तयार झाला, पण त्यानं एक अट घातली. शाळा उघडायच्या हंगामात गणवेश शिवणाऱ्यांच्या मोठ्या ऑर्डरी येतात. त्याच्या आत एक मोठी ऑर्डर आत्यांना एक शब्दही न विचारता बिनचूक निघाली पाहिजे. निघाली तर आत्यांनी खुशाल जावं. नाही निघाली तर हंगाम संपेपर्यंत जुन्या पद्धतीनं चालू द्यायचं आणि मग बघू. हंगाम संपेपर्यंत बाळ येऊन, रडून, गप्पही झालेलं असणार, हे आत्यांनी न बोलता मोजलं आणि "बरं" म्हणाल्या.

सिस्टीम बसवायला एक मुलगी आली. केस कापलेले, पाठीवर बॅग, हातात टॅब्लेट. पहिले दोन दिवस तिनं नुसती मापं घेतली: रॅकची लांबी, बोळांची रुंदी, कुठलं खोकं कुणाच्या हाताला पोचतं. मग ती आत्यांना घेऊन निघाली आणि एकेका रॅकपुढं थांबून नाव विचारू लागली. मागं लंबू होता. वरच्या खणातला माल शिडीशिवाय काढायचा म्हणून त्याला ठेवला होता, आणि आपली उंची म्हणजे आपण मिळवलेली पदवी आहे असं तो वागायचा.

"ह्या रॅकला काय म्हणता?"

"कुबड्या."

"का?"

"वाकलाय. इतके दोरे डोक्यावर घेऊन तूही वाकशील."

"आणि तो?"

"ते माहेर. विकलेला माल काही ना काही कारणानं परत येतो ना, तो इथं ठेवतो. चार दिवस राहतो, मग समजूत घालून पुन्हा पाठवतो."

मुलगी हसू दाबत लिहीत होती. "त्या टोकाचा?"

"घरजावई," लंबू म्हणाला. "आला तो आला. जायचं नावच नाही. त्यात जांभळी मोठी बटणं आहेत, मी नोकरीला लागायच्या आधीपासूनची. मी त्यांना नमस्कार करूनच पुढं जातो."

आत्यांना वाटलं होतं, आता ही पोर म्हणेल की ही नावं चालणार नाहीत. ती तसं म्हणाली नाही. "नावं राहू दे," ती म्हणाली. "तुम्हाला सगळ्यांना पाठ आहेत, कशाला मोडायची. मी खाली कोड घालते." दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक खणावर एक स्टिकर लागलं. वर 'कुबड्या, खण तीन', खाली काळ्या रेघांचा बारकोड. आत्यांनी चष्मा लावून एक वाचलं, बोटानं दाबून पुन्हा चिकटवलं, आणि दिवसभर कुणाला न कळेल असं त्या तिकडं बघत राहिल्या. आपण ठेवलेली नावं छापलेली बघण्याचा हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग होता.

मग मोजणी झाली. सुट्टीच्या दिवशी सगळे जुने कपडे घालून आले. बटणं एकेक मोजायची नसतात, थोडी मोजून वजन करायचं आणि मग सगळ्यांचं वजन करून भागायचं, हे आत्यांनीच मुलीला दाखवलं; आणि ते भागणं कागदावर न करता वजनकाट्यावरच कसं होतं, हे मुलीनं आत्यांना. दोघी एकमेकींवर खूश झाल्या. संध्याकाळी भाच्याच्या केसांत लेसचा तुकडा होता आणि तो ते विसरून तसाच घरी गेला.

स्कॅनर आले तेव्हा लंबूनं पहिल्यांदा स्वतःच्या शर्टाचं बटण स्कॅन केलं. यंत्रानं नाराजीनं दोनदा टूं टूं केलं.

"ओळखत नाही म्हणतंय."

"तुझ्या कपाळावर एक स्टिकर लावू या," आत्या म्हणाल्या. "दुपारी जेवणानंतर तू कुठं असतोस तेही सापडेल."

पहिली परीक्षा फसली ती आत्यांच्या डोळ्यांमुळे. त्या स्टुलावर तोंड मिटून बसल्या होत्या, अगदी ओठ आत ओढून. स्कॅनर घेऊन लंबू निघाला, आणि प्रत्येक वस्तू पटापट निघू लागली. भाचा आनंदला. पण मुलगी शहाणी होती. तिनं लंबूच्या स्कॅनरमध्ये डोकावून बघितलं तर तो बंद होता.

"मग तुला कसं कळतंय?"

"आत्या बघतात ना," लंबू निरागसपणे म्हणाला. "इलास्टिक म्हटलं की त्यांचे डोळे आरशाकडं जातात. हुक म्हटलं की वर. चुकीच्या खणात हात घातला की त्या खोकतात."

"मी खोकले नाही," आत्या म्हणाल्या.

"तीनदा खोकलात. मला वाटलं, तुम्हाला सर्दी झालीय. मग लक्षात आलं, उपयोगाची सर्दी आहे."

तेव्हा असं ठरलं की दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी आत्यांनी गोदामात बसायचंच नाही. रस्त्याच्या पलीकडे चहाचं दुकान होतं, तिथल्या बाकावर बसायचं. आत्यांनी विणकाम घेतलं, बाळासाठी पिवळ्या लोकरीचे मोजे, आणि जाऊन बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गोदाम बाहेरून इतका वेळ बघितलं. पाटीवरच्या एका अक्षराचा रंग उडाला आहे हे त्यांना इतक्या वर्षांनी कळलं.

आत मात्र हाहाकार उडाला. स्कॅनर म्हणत होता, पांढरी बटणं आरशाजवळच्या रॅकमध्ये, खण एक. खण एक रिकामा. खाकी चेन म्हणे कुबड्यात. कुबड्यात दोरे होते, चेन नव्हती. रुंद इलास्टिकही जागेवर नाही. मुलगी एका रॅककडून दुसऱ्याकडं धावत होती आणि तिचा चेहरा पांढऱ्या बटणांसारखा झाला होता. दुपारी भाचा रस्ता ओलांडून आला आणि बाकावर धपकन बसला.

"संपलं आत्या. त्या यंत्राला निम्मा माल दिसतच नाही. परत पाठवतो. हंगाम तोंडावर आहे, मला प्रयोग परवडणार नाहीत."

आत्यांच्या सुया थांबल्या. "आणि मी?"

तो त्यांच्याकडं बघू शकला नाही. "हंगाम झाला की जा ना. मी स्वतः गाडीत बसवून देतो."

आत्यांनी मांडीवरचं विणकाम बघितलं. एक मोजा पुरा झाला होता, दुसऱ्याचे टाके घातलेले होते. हंगाम झाल्यावर हे मोजे बाळाला लहान होतील, एवढाच विचार त्यांच्या मनात आला आणि तो त्यांना फार टोचला. पण त्या उठल्या, आत गेल्या, आणि अडलेली ऑर्डर नेहमीच्या पद्धतीनं काढून दिली. बटणं, चेन, इलास्टिक, सगळं कुठं होतं ते त्यांना अर्थातच ठाऊक होतं. त्या इतक्या खिन्न होत्या, की ते सगळं कुठून निघालं याकडं त्यांचं स्वतःचंही लक्ष नव्हतं. मुलगी तेव्हा कोपऱ्यात तोंड फिरवून आपल्या ऑफिसशी फोनवर बोलत होती.

संध्याकाळी सगळे गेले. शटर अर्धं खाली होतं. मुलगी जमिनीवर मांडी घालून, लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसली होती. तिला कारण सापडल्याशिवाय जायचं नव्हतं.

"माल ठेवल्याची नोंद आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "विकल्याची नोंद नाही. आणि जागेवर तर नाही. म्हणजे मालाला पाय फुटलेत."

"माझ्या मुलीचंही असंच होतं लहानपणी," आत्या म्हणाल्या. "जिथं ठेवावी तिथं नसायचीच." पर्स खांद्याला अडकवून त्या निघायच्या तयारीत होत्या, आणि निघता निघता रॅकांमधून जात होत्या, रोज जायच्या तशा. "चालायला लागली ती थेट शेजारच्यांकडं. मी इकडं शोधतेय, आणि ही तिकडं त्यांच्या बिछान्यात झोपलेली. आता तिला कळेल म्हणावं." बोलता बोलता त्यांनी कुबड्यातून दोन खोकी काढली, एक बगलेत घेतलं, एक हातात, आणि दारापाशी आणून ठेवली. परत गेल्या. आणखी एक उचलून आणलं. हात काय करताहेत हे हातांना विचारायची त्यांना सवय नव्हती.

मुलीची बोटं थांबली.

"आत्या, तुमच्या हातात काय आहे?"

"कुठं? हे? खाकी दोरे."

"कुठं नेताय?"

"कुठं नाही गं. उद्या सकाळी खाकीवाला येईल, त्याला थांबायला सांगितलं की तो रुसतो. म्हणून आपलं उंबरठ्यावर आणून ठेवते."

"उंबरठा म्हणजे?"

आत्यांनी बोट दाखवलं. दार आणि वजनकाटा यांच्यामध्ये, भिंतीला लागून, खोक्यांचा कमरेएवढा ढीग होता. रोज संध्याकाळी उद्या लागणारा माल तिथं यायचा. उरलेला त्या कधी परत न्यायच्या, कधी तिथंच राहायचा.

"ही जागा तुम्ही मला सांगितली नाहीत."

"ही जागा थोडीच आहे," आत्या म्हणाल्या. "हा उंबरठा आहे." वाक्य संपता संपता त्यांचा आवाज बारीक झाला. हातातलं खोकं त्यांनी ढिगावर ठेवलं, मग स्वतःच त्या ढिगावर बसल्या.

मुलगी उठली. तिनं वरची खोकी बाजूला केली. खाली पांढरी बटणं होती. त्याखाली खाकी चेन आणि रुंद इलास्टिक.

"म्हणजे सिस्टीम रोज संध्याकाळी मीच बंद पाडत होते," आत्या म्हणाल्या. "मीच आणवली आणि मीच."

"मी कोण मग? मी रोज ह्या ढिगाला वळसा घालून आत येत होते. एकदा तर ठेच लागली. नकाशा काढताना मला वाटलं, पसारा आहे, कुणीतरी उचलेल." मुलगी हसायला लागली. दिवसभर रडायचं राहून गेलेलं, ते हसण्यातून निघालं. आत्यांनाही हसू आवरेना. अर्ध्या शटरखालून एका माणसानं वाकून बघितलं आणि काही न विचारता निघून गेला.

सकाळी भाचा आला तेव्हा आत्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, काही न लपवता. भाचा ऐकत गेला आणि त्याचं तोंड उघडत गेलं.

"म्हणजे मी त्या बिचाऱ्या पोरीवर आरडाओरडा करतोय, आणि चोर माझ्याच स्टुलावर बसलाय."

"मला माहीत होतं," लंबू म्हणाला.

सगळे त्याच्याकडं वळले.

"सगळा माल उंबरठ्यावर आहे हे मला माहीत होतं. त्यालाच टेकून उभा होतो. पण मालक म्हणाले होते, आज सिस्टीम सांगेल तिथंच बघायचं, दुसरीकडं हात घालायचा नाही. मी सांगितलेलं ऐकणारा माणूस आहे."

भाच्यानं कपाळावर हात मारला. मग तो मुलीकडं वळला, थोडा घुटमळला, आणि म्हणाला, "माझं चुकलं. अजून एक संधी देता का आम्हाला?" ती म्हणाली, देते, पण आधी मला पिवळी चिकटपट्टी आणून द्या.

उंबरठ्याभोवती जमिनीवर पिवळी चौकट आखली गेली. भिंतीवर स्टिकर लागलं: 'उंबरठा', खाली रेघा. आता नियम असा झाला की माल तिथं आणायचा तर आधी मूळ खण स्कॅन करायचा, मग खोकं, मग उंबरठा. उद्या काय लागणार ते सिस्टीम ऑर्डरींवरून आदल्या दिवशीच सांगणार, आणि आणायचं काम लंबूचं. आत्यांनी फक्त आपले हात आवरायचे. हेच सगळ्यात अवघड होतं. पहिले काही दिवस संध्याकाळ झाली की त्या पर्स खांद्याला लावून रॅकांकडं वळायच्या, आणि लंबू लांबूनच म्हणायचा, "आत्या, हात." त्या हात मागं बांधून, शाळेच्या तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारख्या बाहेर पडायच्या.

घरीही त्यांनी आतोबांसाठी डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. साखर, मीठ, चहा. आतोबांनी चष्मा लावून सगळ्या वाचल्या. "मीठ आणि साखर एकसारख्याच बारीक अक्षरात लिहिलीस. जरा मोठं लिहायचं होतं."

"तुम्ही दोन महिने राहाल ना नीट?"

"तू जातेस की नाही, ते ठरू दे आधी."

तिसरी परीक्षा म्हणजे खरीखुरी मोठी ऑर्डर होती. गणवेशवाल्याचा टेम्पो दुपारी येऊन उभा राहणार होता. आत्या पुन्हा पलीकडे बाकावर. चहावाल्याला भाच्यानं ताकीद दिली होती: आत्यांना उठू द्यायचं नाही.

"आणखी एक देऊ?"

"तिसरा झाला. आता मला झोप यायची नाही रात्री."

"न येऊ दे. मालक म्हणालेत, लागेल तितका पाजा, पण बसवून ठेवा."

आत हालचाल दिसत होती. लंबूचं डोकं रॅकांच्या वरून इकडून तिकडं जात होतं. खोकी दाराशी येत होती, एकेक करून टेम्पोत चढत होती. आत्यांनी मनातल्या मनात यादी धरली होती: बटणं आली, चेन आली, इलास्टिक आलं. लेसचं ते लांबट खोकं, तेही आलं. राहिले काळे हुक.

हुक येईनात. लंबूचं डोकं घरजावयाकडं गेलं, परत आलं. मग कुबड्याकडं. आत्यांच्या सुया थांबल्या. काळे हुक काल संध्याकाळीच एका शिंप्याकडून परत आले होते. आत्या चपला घालत होत्या, तेवढ्यात ते पुडकं त्यांच्याच हातात पडलं. ते त्यांनी माहेरात ठेवलं, हे पक्कं आठवत होतं. पण स्कॅन केलं होतं का? एक चप्पल पायात होती, एक हातात, आणि दारात रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. यंत्र वाजल्याचं त्यांना आठवत होतं. पण ते कालचं की परवाचं?

लंबू दारात आला. हातातल्या स्कॅनरकडं बघितलं, मग रस्त्यापलीकडं, सरळ आत्यांकडं.

आत्या उठल्या. मोजा खाली पडला. "आत्या, बसा," चहावाला म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही, त्या रस्त्याच्या कडेपर्यंत गेल्या. माहेर, एवढंच म्हणायचं होतं. नुसती मान डावीकडं वळवली असती तरी लंबूला कळलं असतं. मान वळवायची, आणि मग घरी जाऊन मुलीला फोन करायचा, की हंगाम झाला की येते.

आत्या वळल्या. बाकावर परत आल्या आणि रस्त्याकडं पाठ करून, चहावाल्याच्या शेगडीकडं तोंड करून बसल्या. समोर ठेवलेला चहा त्यांनी एका घोटात प्यायला आणि जीभ पोळून घेतली. चहावाला काहीतरी बोलत होता, त्यांना ऐकू आलं नाही. मागं एक दार आपटलं. टेम्पो सुरू झाला. तो निघाला की नुसता मागं घेतला, हे पाठीला कळेना.

"आत्या."

भाचा होता. मागं लंबू, आणि ती मुलगी.

"हुक?" आत्यांनी विचारलं. पोळलेल्या जिभेमुळे तो शब्द नीट निघाला नाही.

"माहेरीच होते," लंबू म्हणाला. "सिस्टीम पहिल्यापासून माहेर, खण दोन, असंच सांगत होती. मीच आधी जुन्या सवयीनं दुसरीकडं गेलो."

"मग दारात येऊन माझ्याकडं कशाला बघत होतास?"

"सापडले म्हणून सांगायला. हात करणार होतो, तर तुम्ही पाठच फिरवलीत. मला वाटलं, रागावलात."

मुलगी तोंडावर हात धरून हसत होती. भाच्यानं खाली पडलेला पिवळा मोजा उचलला, झटकला आणि आत्यांच्या हातात दिला. "कधीचं तिकीट काढू?" तो म्हणाला. मग थोडं थांबून, लहानपणी गुंडी गिळल्यावर केला होता तसा चेहरा करून, "आत्या, फोन मात्र घेऊन जा हं."

"नेते. उचलीन असं काही म्हणत नाही."

बाळ मोजे बसतील अशा वेळीच आलं; नात झाली. आत्या तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. समोरच्या भिंतीवर तो चौकटीतला फोटो होता, त्यात त्या खुर्चीखाली वाकलेल्या. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी बाळाला सांभाळत एका हातानं तो कानाला लावला.

"काय सापडत नाहीये?"

"काही नाही. सगळं सापडतंय," भाचा म्हणाला. "बाळ कसं आहे ते विचारायला केला."

"गुलाबी लेस?"

"सापडते."

"आणि ती जांभळी बटणं? कुणी मागितली तर..."

"अगं, विकली. सिस्टीमनं दाखवलं की पडून आहेत, बाहुल्या करणारी एक बाई सगळी घेऊन गेली. लंबू म्हणाला, घरजावई अखेर घराबाहेर पडले."

ज्यासाठी एवढा आटापिटा केला तेच झालं होतं, आणि तरी काहीतरी हातातून काढून घेतल्यासारखं आत्यांना वाटलं. बाळ मात्र हातातच होतं. त्यानं एक मोठी जांभई दिली.

स्वयंपाकघरातून भांडी सरकवल्याचा आवाज आला. मग कपाटाचं एक दार उघडलं, बंद झालं, दुसरं उघडलं. आत्यांना इथं येऊन महिनाही झाला नव्हता, पण सकाळी लागणाऱ्या सगळ्या वस्तू त्यांनी शेगडीजवळ हाताशी आणून ठेवल्या होत्या. उरलेल्या कुठं गेल्या, ते त्यांच्या हातांनाच ठाऊक होतं.

"आई," मुलगी आतून ओरडली, "गाळणं कुठंय?"

आत्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे मिटले.

"ठेव रे गुंड्या," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "मला इथं काम आहे."